कानाच्या इन्फेक्शनचे बॅक्टेरिया टाइप करायला मोनोक्लोनलच का?

सूक्ष्मजीव_प्रेमी: एमएस्सी मायक्रोला आहे, सेमिनारचा विषय मिळालाय मधल्या कानाच्या इन्फेक्शनमधल्या बॅक्टेरियाचं वर्गीकरण. न्यूमोकोकसचं टायपिंग (बाहेरच्या साखरेच्या वेष्टनावरून, म्हणजे कॅप्सूलवरून, टाइप ठरवणं) सशाच्या सिरमने वर्षानुवर्षं चालतंय, मग मोनोक्लोनल अँटिबॉडीचा (सगळ्या एकसारख्या, एकाच जागेला चिकटणाऱ्या) एवढा खटाटोप कशासाठी? आणि हिमोफिलसला कुठला टाइप लावायचा, कानात सापडतो तो बहुतेक वेळा बिनकॅप्सूलचाच असतो ना?

लॅबवाली_ताई: अरे ६सी ची गोष्ट वाच, सेमिनारची सुरुवातच त्याने कर! अमेरिकेत अलाबामाच्या बर्मिंगहॅममध्ये मून नाम यांच्या लॅबने ६ए टाइपच्या न्यूमोकोकसवर दोन वेगवेगळ्या मोनोक्लोनल लावून बघितल्या, एक सगळ्या ६ए ला चिकटली आणि दुसरी काहींनाच. सशाच्या सिरमला हे सगळे एकच वाटत होते, कारण त्यात ढीगभर अँटिबॉडी एकत्र असतात आणि बारीक फरक त्यात बुडून जातो. तपासलं तर कॅप्सूलच्या साखळीत एका जागी गॅलॅक्टोजऐवजी ग्लुकोज निघालं, बस एवढाच फरक! २००७ मध्ये त्याला ६सी असं नवीन नाव मिळालं. लसी टाइपप्रमाणे बनतात त्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे, आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल लस घे, त्यात दहाच टाइप आहेत आणि न्यूमोकोकसचे एकूण शंभराच्या वर.

डॉ_कान_नाक_घसा: हिमोफिलसचं बरोबर ओळखलंस. ए ते एफ हे टाइप कॅप्सूलवर ठरतात, कॅप्सूलच नाही तर ती पद्धत तिथेच संपली, हिबच्या (बी टाइपच्या हिमोफिलसच्या) लसीचाही या बिनकॅप्सूलवाल्यावर उपयोग नाही. म्हणून बाहेरच्या आवरणातली प्रोटीन्स धरतात. त्यातलं पी६ जवळपास सगळ्या स्ट्रेनमध्ये (एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वाणांमध्ये) सारखं, त्यावरची मोनोक्लोनल जात ओळखायला बरी, पी२ चे बाहेर आलेले भाग मात्र स्ट्रेनगणिक बदलतात म्हणून ते स्ट्रेन वेगळे करायला. पेशंटसाठी मात्र हे काही करत नाही बरं का, साध्या केसमध्ये कानातलं पाणी आम्ही काढतच नाही.

सूक्ष्मजीव_प्रेमी: भारी! मग हिमोफिलसच्या लिपोऑलिगोसॅकराइडवरच्या (बाहेरच्या आवरणातल्या साखर-चरबीच्या रेणूवरच्या) मोनोक्लोनलने टाइप पाडले तर?

लॅबवाली_ताई: तिथे जपून. ते बनवणाऱ्या जीन्समध्ये चार-चार अक्षरांचे रिपीट असतात, डीएनए कॉपी होताना एखादा रिपीट कमीजास्त झाला की जीन बंद किंवा चालू, आणि मग एकाच स्ट्रेनच्या एका चॉकलेट अगर प्लेटवरून कॉलन्या मेम्ब्रेनवर उचलून अँटिबॉडी लावलीस तर काही गडद उमटतात, काही फिक्या. अशा वेळी एका निगेटिव्हवरून टाइप वेगळा म्हणणं साफ चूक आहे. निदान तीन-चार अँटिबॉडीचं पॅनल लाव, त्यात एक पी६ वरची असू दे, आणि सबकल्चर (नव्या प्लेटवर पुन्हा वाढवणं) जितके कमी करता येतील तितके कर.