जुनी कॉन्सर्टिना घेण्यापूर्वी
चोरबाजारात पाहिलेल्या कॉन्सर्टिनाचे, म्हणजे दोन्ही हातांत धरून भाता ओढत-दाबत वाजवायच्या छोट्या वाद्याचे, एकच बटण भाता ओढताना एक आणि दाबताना दुसरा स्वर देते, म्हणून ती बिघडली असावी, ही आपली शंका अनाठायी आहे. कॉन्सर्टिनाच्या अँग्लो नावाच्या प्रकाराची रचनाच तशी असते, तर तिचे इंग्रज संशोधक चार्ल्स व्हीटस्टन यांच्या इंग्लिश पद्धतीत दोन्ही वेळा तोच स्वर मिळतो, आणि पेटीवर हात बसलेल्याला तीच लवकर साधेल, असे मला वाटते. खरी परीक्षा भात्याची. एकही बटण न दाबता वाद्य एका बाजूने उचलून धरावे. दुसरी बाजू झरझर खाली आली, तर हवा गळते आहे, हे समजून किंमत पाडून मागावी. मुंबईच्या पावसाळी दमटपणात पोलादी रीडना, म्हणजे हवेने कंप पावून स्वर देणाऱ्या आतल्या पट्ट्यांना, गंज चढतो, तोही पाहावा. मात्र गंज दिसला म्हणून पेटी दुरुस्त करणाऱ्याला लगेच रीडवर कानस चालवू देऊ नये.