डीबीएमएस बंद करा म्हणे!

फळा-खडू: काल इथे एकाने ठोकलं, "बीसीए-एमसीएचा डीबीएमएसचा, म्हणजे डेटाबेसचा, पेपर काढून टाका, डेटाबेसची भाषा एसक्यूएल यूट्यूबवर आठवड्यात येते." डोकंच फिरलं. बारा वर्षं हा विषय शिकवतोय. परवा एक जुना विद्यार्थी आला. दुकानाचं सॉफ्टवेअर केलेलं, गिऱ्हाइकाचा पत्ता बिलाच्या प्रत्येक ओळीत! पत्ता बदलला की चारशे ओळी दुरुस्त करा, त्यातल्या दहा राहणारच. टेबलांचा डेटाबेस सुचवणाऱ्या कॉडने १९७० साली शोधनिबंध लिहिला तो काय हौस म्हणून? यूट्यूबवर सिलेक्ट, म्हणजे माहिती काढायची आज्ञा, येते हो; एका टेबलाची दोन कुठे तोडायची ते येत नाही.

पोटापाण्याचा: "काढून टाका" म्हणणारा मीच. सर, जुन्या बिलावर तेव्हाचाच पत्ता राहायला हवा, सगळा तोडून कसं चालेल? आणि टेबल तोडायचा तो बीसीएनएफ नियम मीही घोकलाय. लॅबमध्ये मात्र तीन वर्षं ओरॅकल डेटाबेसचं तेच नमुन्याचं ईएमपी (कर्मचाऱ्यांचं) टेबल, १४ ओळींचं. त्यावर शोध वेगवान करणारा इंडेक्स लावला काय, न लावला काय! नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात कुठली ओळ ते सांगणारं व्हेअर न लिहिता अपडेट मारला, सगळ्याच ओळी बदलल्या; वर बदल लगेच कायम करणारं ऑटोकमिट चालू. बदल मागे घेणाऱ्या रोलबॅकची व्याख्या तोंडपाठ होती, उपयोग शून्य.

शाईचा_डाग: आणि त्याच क्वेऱ्या जर्नलमध्ये हाताने! आउटपुटच्या चौकटी पट्टीने आखून! माझ्या जर्नलमध्ये ईएमपीतल्या किंगचा पगार ५००० ऐवजी ५०० पडला, म्हणजे प्रेसिडेंट क्लार्कपेक्षा गरीब. एक्स्टर्नल परीक्षकाने सही ठोकली.

फळा-खडू: लिहिल्याने डोक्यात बसतं. तुम्ही मित्राचं उतरवलंत, त्याला विषय काय करणार?

शाईचा_डाग: मित्राचं नाही, आमच्या मॅडमनीच दिलेल्या झेरॉक्सवरून. अख्ख्या वर्गाने. तोंड सांभाळून बोला.

हॉस्टेल_१४: आमच्याकडे जर्नल लिहून देणारा होता, पानाला दोन रुपये. त्याचं एसक्यूएल वर्गात सगळ्यात पक्कं!

फळा-खडू: बघा, म्हणजे लिहिल्याने येतंच!

पोटापाण्याचा: धन्य! मग त्या एकालाच डिग्री द्या. जर्नल राहू दे सर, इंडेक्सचं बोला.

फळा-खडू: बरं बाबा, पत्त्याचं मान्य. बिलावरचा राहील, पण एकदाच, ओळीओळीत नाही. पुढच्या सत्राला पाच लाख ओळींचं टेबल भरून देतो; इंडेक्सआधी आणि नंतर एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालेल त्याचा आराखडा, काढायला लावतो. लॅबचे पीसी तेवढ्यात सुरू झाले तर. पेपर मात्र राहणार. जर्नलही, ते वरून मागतात. आणि किंगचा पगार दुरुस्त करून पान आणा, मग पुढचं बोलू.

शाईचा_डाग: रद्दीत दिलं.