फिलिपिनो डॉक्टर: मेंटॉर हवा की पैसा?

सह्यवारा: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या फिलिपिनो मुलाला डॉक्टर व्हायला 'चांगला मेंटॉर पुरतो'. पुरतो? चार वर्षं पदवी, चार वर्षं एमडी (तिथली मूळ डॉक्टरकीची पदवी, आपल्या एमबीबीएससारखी), वर्षभर इंटर्नशिप, मग पीएलई, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा. तोवर घर कोण चालवणार? पैसे द्या, प्रवचनं नकोत. २०२० चा 'डॉक्टर पारा सा बायान' हा वैद्यकीय शिष्यवृत्तीचा कायदा आहे, त्याच्या जागा वाढवा.

खडूस: अहो, ती शिष्यवृत्ती एमडीसाठी आहे. त्याआधी पदवी आणि एनमॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा! सरकारी विद्यापीठात पदवीची फी २०१७ पासून माफ आहे, मान्य. पण सायकॉलॉजी घेतलेल्या पोराचं फिजिक्स कच्चं राहतं आणि एनमॅटच्या दुसऱ्या भागात फिजिक्सला बायोलॉजीइतकंच वजन. हे तिसऱ्या वर्षीच सांगायला हवं, फॉर्म भरताना नव्हे. शिवाय चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर चार वर्षं सरकारी सेवा, मोडली तर दुप्पट परतफेड. सहीआधी हे घरात कोण समजावणार?

एजंटत्रस्त: तिकडच्यांचं सोडा, डॉक्टर व्हायला फिलिपाइन्समधल्या दवाओ शहरात जाणाऱ्या आपल्या पोरांना कोण सांगतं? एनएमसीच्या (आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२१ च्या नियमात ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम हवा, तिथली एमडी ४८ ची. एजंट एमडीआधीची बीएस पदवी धरून हिशोब जुळवून दाखवतात.

सह्यवारा: धागा फिलिपिनो मुलांचा आहे. त्यांना एनएमसीशी काय देणंघेणं?

एजंटत्रस्त: वर्ग तोच, कॉलेज तेच! आणि ५४ महिन्यांवर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिपही हवी. नीट परीक्षा न देता गेलेल्यांचं तर विचारूच नका.

खडूस: वेगळा धागा काढा हो. प्रत्येक ठिकाणी एजंट!

एजंटत्रस्त: काढतो. तिथेही तुम्हीच येऊन शहाणपण शिकवाल.

पालोकर: दोघांनीही लेते प्रांतातल्या पालोची, यूपी मनिलाची (युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्स, मनिला) आरोग्य विज्ञान शाळा विसरायची ठरवलीय का? १९७६ पासून चालू आहे. गावच मुलं निवडून पाठवतं; आधी सुईण, मग नर्स, मग डॉक्टर. कुठल्याही पायरीवर थांबलं तरी हातात काम असतं. मेंटॉर वेगळा शोधावा लागत नाही, मध्ये गावात जाऊन सेवा करायची असते, तिथे वरचे लोक भेटतात.

सह्यवारा: म्हणजे रचना बदलली की मेंटॉर लागत नाही. माझंच म्हणणं.

खडूस: पीएलईला बारा विषय, सरासरी ७५ हवी आणि एकातही ५० च्या खाली चालत नाही. एकाच विषयाने अडकलेल्याला तुमची रचना हात देईल? की विषयवार गुण बघून रोजचं वेळापत्रक लावून देणारा कुणी?

सह्यवारा: बरं, पीएलईपुरता ठेवा तुमचा मेंटॉर. पण आधी त्याला मानधन द्या. ड्युटी संपवून फुकट शिकवणारा महिन्याभरात फोन उचलणं बंद करतो.