टोरांटोनंतरचे सात आठवडे : सीना-कोडीचा बिल्डअप फसला का?

शनिवारी_साडेपाच

१ मार्च २०२५ ला डब्ल्यूडब्ल्यूईच्या टोरांटोतल्या 'एलिमिनेशन चेंबर' कार्यक्रमात मुख्य सामन्यानंतर जॉन सीनाने किताबधारक कोडी ऱ्होड्सला मिठी मारली आणि मिठीतच अवघड जागी फटका दिला. वीस वर्षांहून जास्त काळ जो हील (म्हणजे कथेतला खलनायक) झाला नव्हता तो झाला. बाजूला रॉक आणि रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट. इथून वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमापर्यंत, म्हणजे रेसलमेनिया ४१ (१९-२० एप्रिल, लास व्हेगास) पर्यंत, साप्ताहिक शोंपैकी सोमवारच्या रॉचे ७ आणि शुक्रवारच्या स्मॅकडाऊनचे ७, असे एकूण १४ भाग हातात होते. त्यांचं काय केलं?

सीना दोन आठवडे गायब. मग १७, २४ आणि ३१ मार्चला ब्रसेल्स, ग्लासगो, लंडन असे तीन रॉ, आणि तिन्हींत मुख्य काम माइकवर. त्यानंतर त्याचं दर्शन दुर्मीळ. ज्याने २१ फेब्रुवारीला कोडीचा 'आत्मा' मागून हे सगळं सुरू केलं तो रॉक टोरांटोनंतर साप्ताहिक शोमध्ये फिरकलाच नाही. सीनाची चाल तीच, म्युझिक तेच, कपडेही तेच. खलनायक झाला हे कळायला फक्त त्याचं भाषण ऐकायचं!

२०२४ चा बिल्डअप आठवा. रॉक मेम्फिसमध्ये गिटार घेऊन कोडीची टर उडवत होता, २५ मार्चला शिकागोजवळच्या रॉमध्ये पावसात त्याला रक्त येईपर्यंत मारत होता. दर आठवड्याला काहीतरी पुढे सरकत होतं. माझ्या मते ४१ चा मुख्य बिल्डअप सपशेल फसला.

नूराकुस्ती

साडेपाचराव, आखाड्यातही जोड लागली की आधी खडाखडी होते, पहिल्याच मिनिटाला डाव टाकला तर पुढे बघायचं काय? साप्ताहिक शोचं गणित तेच आहे. दोन मुख्य पैलवानांचा एकमेकांना हात लागणं हा सगळ्यात महाग माल. सात आठवड्यांत तो दोनदा-तीनदाच विकायचा. लंडनमध्ये कोडीने आपला ठेवणीतला डाव, क्रॉस ऱ्होड्स, एकदाच मारला आणि छप्पर उडालं, ते आधी काही मारलं नव्हतं म्हणून.

सीनाच्या दोन आठवड्यांच्या गैरहजेरीला तुम्ही वाया म्हणता. ती नसती तर ब्रसेल्सच्या प्रेक्षकांनी त्याला तोंड उघडू न देण्याइतका गोंगाट केला असता का? पुन्हा, सीनाच्या निरोपाच्या वर्षातल्या तारखा मोजक्या. ज्याच्याकडे तारखाच नाहीत त्याला दर शुक्रवारी आणणार कुठून?

आणि २०२४ चं कौतुक जरा जपून. तो बिल्डअप ठरवून झाला नव्हता. २७ जानेवारीच्या रॉयल रंबलमध्ये (तीस जणांची झुंज, जिंकेल तो मेनियाला किताबासाठी लढतो) सीएम पंकचा ट्रायसेप्स फाटला आणि त्याचं रेसलमेनियाचं गणित कोसळलं. २ फेब्रुवारीला रंबल जिंकलेल्या कोडीने तेव्हाचा किताबधारक रोमन रेन्ससमोरची जागा रॉकला सोडली, लोक खवळले, ८ फेब्रुवारीच्या पत्रकार परिषदेत कोडीने पुन्हा रोमनलाच निवडलं आणि रॉकने त्याच्या कानाखाली वाजवली. लोकांनी ढकललं म्हणून गाडी त्या वाटेला लागली. असा अपघात दरवर्षी मागवता येत नाही.

दोन_पूर्णांक_नव्व्याण्णव

दोघेही भाग मोजताय. चूक क्रमात आहे.

सात आठवड्यांचा साधा आराखडा असा असतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दगाबाज 'का केलं' ते सांगतो. तिसऱ्यात मार खाल्लेला उत्तर देतो. चौथ्यात पणाला काय लागलंय ते ठरतं. पाचव्यात हील वरचढ होतो, आणि तेही कृतीने, बोलून नाही. सहाव्यात शक्यतो दोघांना लांब ठेवायचं. शेवटचा, म्हणजे गो-होम शो, फक्त एक चित्र डोळ्यांत ठेवून संपवायचा.

इथे काय झालं? 'का'चं उत्तर चांगलं होतं : पंचवीस वर्षं तुम्ही मला छळलंत, हे प्रेक्षकांवर उलटवणं धारदार होतं. पणाला लागलेलंही उत्तम : सतराव्यांदा किताब जिंकून, रिक फ्लेअरचा १६ चा विक्रम मोडून, तो पट्टा घेऊनच निवृत्त होईन. पण पाचवी पायरी गळाली. लंडनमध्ये, मेनियाला जवळपास तीन आठवडे असताना, कोडीनेच सीनाला आडवं केलं. म्हणजे टोरांटोचा हिशोब अर्धा तिथेच फिटला. हीलने त्यानंतर कोडीला किंवा त्याच्या जवळच्या कुणाला जबर दुखवायला हवं होतं, म्हणजे प्रेक्षक पुन्हा कर्जात गेला असता.

दुसरी गफलत शेवटाची. ज्याच्या हस्तक्षेपावर सामना फिरणार तो माणूस आधीच्या भागांत पेरावा लागतो. लोक रॉकची वाट बघत होते आणि आला ट्रॅव्हिस स्कॉट, जो टोरांटोनंतर साप्ताहिक शोमध्ये दिसलाच नव्हता. कोडीने पट्टा उचलून मारायला कचरणं, सीनाचा पुन्हा अवघड जागी फटका, मग पट्टा डोक्यात, हा क्रम कागदावर ठीक आहे. स्कॉटमुळे त्याचा विचका झाला.

पेरणी कशी असते ते त्याच कार्यक्रमात दिसतं. पंक, रोमन आणि सेथ रॉलिन्सचा तिहेरी सामना घ्या. नोव्हेंबर २०२४ च्या वॉरगेम्स या सांघिक सामन्यापासून रोमनचा मॅनेजर पॉल हेमनवर पंकचा एक 'उपकार' बाकी होता. तो पंकने मागितला तो काय, तर मेनियाला माझ्या कोपऱ्यात उभा राहा. आणि तिथेच हेमनने पंक आणि रोमन दोघांनाही दगा देऊन सेथला जिंकवलं. शेवट अनपेक्षित, पण मागे वळून पाहिलं तर प्रत्येक पायरी जागेवर.

पॉपकॉर्नवाली

गुंथर आणि जे उसोचा सामना सुद्धा घ्या ना. जे उसो जानेवारीतच किताबधारक गुंथरकडून हरला होता, त्यामुळे आठवडाभराने त्याने रंबल जिंकली तरी कुणाला फार धास्ती नव्हती. मग गुंथरने त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या भावाला, जिमीला, रक्तबंबाळ केलं, आणि मेनियाला जे उसोने गुंथरलाच स्लीपर (गळ्याची पकड) लावून टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं. भाषणं कमी, काम जास्त.

(१ एप्रिलपासून आपल्याकडे सगळं सोनीवरून नेटफ्लिक्सवर गेलं. ऐन मोसमात दुकान हलवल्यावर अर्ध्या लोकांना बिल्डअप रीलमधूनच कळला, हेही धरा.)

शनिवारी_साडेपाच

९९, पाचव्या पायरीचं पटलं. भाग मोजणं सोडतो. पण नूराकुस्ती, तारखा मोजक्या होत्या हे कारण नाही चालत. तारखा कमी हे आधीपासून माहीत होतं, मग हील टर्न अशा माणसालाच का दिला ज्याला दर आठवड्याला शिव्या खायला हजर राहता येत नाही? शिव्या जमा व्हायला चेहरा समोर लागतो.

नूराकुस्ती

मग काय, टोरांटो करायचंच नव्हतं? तो क्षण नको असं म्हणणारा एक तरी माणूस दाखवा.

हां, रॉकचं मात्र मान्य. तो येणार नसेल तर टोरांटोत गळ्यावरून अंगठा फिरवून सीनाला इशारा द्यायलाही त्याला आणायला नको होतं. सीना स्वतःच्या डोक्याने फिरला असता तर पुढे कुणाची वाटच बघावी लागली नसती.

दोन_पूर्णांक_नव्व्याण्णव

आणि एक, जखमांसाठी राखीव गडी. ४ एप्रिलला केविन ओवेन्सने मानेच्या दुखापतीमुळे माघार जाहीर केली, त्याच्याशी ठरलेला रँडी ऑर्टनचा सामना दोन आठवडे आधी रिकामा पडला. शेवटी टीएनए या दुसऱ्या कंपनीचा जो हेंड्री आणून काम भागवलं. प्रेक्षक खूश, पण त्या भांडणात घातलेले सगळे आठवडे पाण्यात. मोठ्या कार्डात दोन जोड्या तरी अशा हव्यात की एक गडी गेला तर कथेतलाच दुसरा त्याच्या जागी उभा राहील. २०२४ ला पंक पडल्यावर ड्रू मॅकिन्टायर होता, ज्याच्याशी झटापटीत पंक दुखावला होता. सेथसमोर तो उभा राहिला आणि पंक समालोचनाच्या टेबलावर बसून त्याच कथेत राहिला. ऑर्टनसाठी ४१ ला तसा कोण होता?