चर्चा: आयएमएसवर नव्या पोरांनी उमेदवारी करावी का?

खाडीकाठ: चिपळूणच्या माझ्या भाचीला पहिल्याच नोकरीत मेनफ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अजस्र संगणकावरच्या, आयएमएसच्या टीममध्ये टाकलंय. आयएमएस म्हणजे आयबीएमचा साठच्या दशकातला डेटाबेस. टेबलं नाहीत, ती एकमेकांशी जोडणारे जॉइन नाहीत. आयबीएमच्याच एडगर कॉडने टेबलांची ही रिलेशनल पद्धत मांडली १९७० ला, हा त्याच्याही आधीचा! माझं मत: अनुभवाचा कागद हातात पडला की बाहेर पडावं.

साखरप्याचा: यावरच पोट भरतोय, तेही रत्नागिरीत घरी बसून, म्हणून लिहितो. अपोलो मोहिमेतल्या सॅटर्न-५ रॉकेटच्या सुट्या भागांची जंत्री ठेवायला आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलरच्या लोकांबरोबर हा बांधला. १४ ऑगस्ट १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या डाउनीत टर्मिनलवर पहिल्यांदा ‘रेडी’ उमटलं. भाग, त्याचे उपभाग, त्यांचेही उपभाग: उतरंडच ती. बँकेत खातं आणि त्याखालचे व्यवहार, तेही तसंच. प्रोग्राम ‘गेट युनिक’ या आज्ञेने वरच्या सेगमेंटपाशी, म्हणजे नोंदीपाशी, पोचतो आणि त्याच्याखालचे एकेक उचलतो. वाट आधीच आखलेली, शोधत बसायचं नाही. वेग आहे तो त्यामुळे. आणि अडगळ म्हणाल तर आवृत्ती १५ आली २०१७ ला.

खाडीकाठ: आखलेली वाट हेच तर दुखणं! कुलवृत्तांत बघा. मूळ पुरुषापासून खाली वाचत या, झकास. पण ‘गुहागरात दिलेल्या सगळ्या मुली सांगा’ म्हटलं की अख्खा ग्रंथ चाळा. शिवाय तीच मुलगी सासरच्या कुलवृत्तांतात पुन्हा.

साखरप्याचा: त्यासाठी सेकंडरी इंडेक्स असतो, ग्रंथामागे गाववार सूची असावी तसा. दोन उतरंडी जोडायला लॉजिकल रिलेशनशिपही आहे. ती सांभाळताना डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, घाम फुटतो, हे मात्र कबूल.

कुडाळकरीण: कित्याक भांडतास? आयएमएस म्हणजे नुसता डेटाबेस नव्हे, त्यात आलेले व्यवहार चालवणारा ट्रान्झॅक्शन मॅनेजरही आहे, आणि त्यावर चालणारा प्रोग्राम डीबी२ या आयबीएमच्या रिलेशनल डेटाबेसलाही हात घालू शकतो. डीबी२ म्हणजे एसक्यूएल, टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, ती बाहेरही उपयोगी पडते. काम कुठलं मिळतंय ते आधी बघा. निव्वळ रात्री गठ्ठ्याने चालणारे बॅच जॉब सांभाळायचे असतील तर मीही पळ म्हणेन.

खाडीकाठ: हे पटलं. पण क्लायंटने उद्या हे सगळं क्लाउडवर हलवलं तर?

साखरप्याचा: हलवायलाही जुनं वाचता येणारा माणूस लागतोच की. गणपतीत येईल ना ती? पाठवा माझ्याकडे, डीबीडी (उतरंडीचा आराखडा) आणि पीएसबी (त्यातलं प्रोग्रामला काय दिसतं ते) कसे वाचायचे ते दाखवतो.

खाडीकाठ: पाठवतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या नोकऱ्यांच्या मुलाखती द्यायलाही सांगणारच आहे.