होंडा सीबी ४०० फोर की यामाहा आरडी ४००?

चारनळी
सत्तरच्या दशकातल्या मधल्या वजनाच्या जपानी मोटरसायकलींत सीबी ४०० फोरच्या तोडीची दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. ४०८ सीसी, चार सिलिंडर, सहा गिअर. इंजिनासमोरून चारही नळ्या एकाच अंगाला वळतात आणि एका सायलेन्सरमध्ये शिरतात. ते वळण पाहायला आजही लोक थांबतात. आरडी ४०० वेगवान होती, मान्य. पण धूर, तेल आणि पेट्रोल पिण्याची सवय त्या वेगासोबत आलीच.

आरडीवेडा
जरा हिशोब मांडा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकमध्ये (प्रत्येक सिलिंडरला पिस्टनच्या चार हालचालींत एक स्फोट) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, एका फेरीत दोन स्फोट होतात. आरडीसारख्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्येही (दोन हालचालींत एक स्फोट) दोनच. म्हणजे होंडा जे काम चार पिस्टन, आठ व्हॉल्व्ह, कॅम चेन आणि चार कार्ब्युरेटर लावून करते, ते आरडी दोन पिस्टनांत उरकते. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट नाहीत, कॅम नाही. अंगानेही हलकी. शिवाय पुढे-मागे डिस्क ब्रेक. तुमच्या फोरला मागे ड्रमच.

चारनळी
स्फोट दोन, पण त्यातलं न जळलेलं पेट्रोल किती बाहेर जातं? टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायची वाट, उघडंच असतं. आपल्याकडे टू-स्ट्रोक राजदूत ३५० ज्यांनी पोसली त्यांना विचारा.

आरडीवेडा
राजदूतवरून आरडी ४०० ला जोखू नका, हे अगदी मनापासून सांगतो. ती आरडी ३५० ची भारतीय बहीण, तीही पुढे ड्रम ब्रेक लावलेली. ४०० मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) तेच ६४ मिमी ठेवून स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४ वरून ६२ केला. त्यामुळे ती खालच्या आरपीएमलाही ओढते. ३५० सारखं पॉवरबँडची, म्हणजे इंजिन खरा जोर देतं त्या आरपीएमची, वाट बघत बसावं लागत नाही.

गॅरेजवाला
दोघांनी एक गोष्ट सोडली. १९७५ मध्ये जपानात परवान्याचे नियम बदलले आणि ४०० सीसीच्या वरच्या गाड्यांसाठी अवघड परीक्षा आली. होंडा अवघ्या ८ सीसीने अडकली. १९७६ मध्ये स्ट्रोक कमी करून ३९८ सीसीची फोर काढावी लागली. आरडी मुळातच ३९८ ची. बाकी माझं मत होंडाला. चार कार्ब एकदा नीट जुळवले की महिनोन्‌महिने हात लावावा लागत नाही, आणि आठ हजार आरपीएमला त्या इंजिनाचा जो सूर लागतो तो टू-स्ट्रोकला येत नाही.

आरडीवेडा
सुराबद्दल वाद घालत नाही. पण वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर पुढचं चाक हलकं होतं, ते फोरवर मला कधी मिळालं नाही.

चारनळी
आणि घाट उतरताना? थ्रॉटल बंद केलं की आरडीला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नाहीच. त्यात ऑटोल्यूबचा (इंजिनाला वंगणतेल पुरवणारा) पंप थ्रॉटलला जोडलेला, म्हणजे लांब उतारावर तेलही कमी.

आरडीवेडा
खरं आहे. म्हणून उतारावर मी मधूनमधून थ्रॉटल देतो, आणि मागची डिस्क त्यासाठीच आहे. तरी गाडी बदलणार नाही.