‘तारण नाही म्हणून कारखाना वाढत नाही’: ही रड किती दिवस?

खतावणी:
पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखानदारांच्या गटांत परवापासून एक निरोप फिरतोय: ‘बँका तारणाशिवाय दारात उभं करत नाहीत, म्हणून आपला कारखानदार दहा माणसांपुढे जात नाही.’ वाचून डोकं उठलं. सीजीटीएमएसईची, म्हणजे बिनतारण लघुउद्योग कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी २००० सालापासून आहे. तिची मर्यादा २०२३ मध्ये दोनवरून पाच कोटी झाली, एप्रिल २०२५ पासून दहा कोटी. दहा लाखांपर्यंत सूक्ष्म-लघु उद्योगाकडे तारण मागायचंच नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावलं होतं. गाडी अडते ती कागदावर. जीएसटी रिटर्नमध्ये विक्रीचा एक आकडा, ताळेबंदात दुसरा आणि सीएमए डेटात (बँकेला द्यायच्या आर्थिक अंदाजांच्या तक्त्यांत) तिसराच. निम्मी उलाढाल रोखीत दडवायची आणि न दिसणाऱ्या उलाढालीवर लिमिट (बँकेकडून उचलीची मर्यादा) मागायचं!

गाळा नं. १४:
हमी बँकेला असते साहेब, कर्जदाराला नाही. तिची वार्षिक फी मात्र कर्जदाराच्या खात्यातून जाते. असो. मशीनला कर्ज मिळतं, हे कुणी नाकारलं? रड त्याच्या पुढची आहे. समजा ३० लाखांची व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). बँक मूळ किमतीच्या ७५ टक्के धरते, म्हणजे २२.५ लाख. उरलेले ७.५ लाख आणि १८ टक्क्यांनी ५.४ लाख जीएसटी, मिळून १२.९ लाख आपले. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर आपल्या बिलांवरच्या करातून वळता होतो म्हणाल, पण कधी? ताशी ३५० रुपये दराने महिन्याला ४०० तास मशीन चाललं तर बिल १.४ लाखाचं, त्यावर कर २५,२०० रुपये. ५.४ लाख वळते व्हायला एकवीस-बावीस महिने. आणि हे दोन्ही पाळ्या भरल्या तर. काम निम्मं मिळालं तर बिल ७० हजार. २२.५ लाखांचा साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण ४८,४०० रुपये. उरलेल्या साडेएकवीस हजारांत ऑपरेटर, वीज, इन्सर्ट (धातू कापणारी पाती) आणि गाळ्याचं भाडं बसवून दाखवा.

शिवाय कोटेशनमध्ये नुसतं मशीन असतं. बीटी-४० होल्डर, पुल स्टड, कोलेट, व्हाइस, सर्व्हो स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, फिक्स्चर, गेजेस, या मशीन चालवायला लागणाऱ्या जोडसामानातलं काहीच नसतं. ते सगळं सीसीतून (कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठीची बँकेची उचल) घेतलं जातं. सीसीचा पैसा लोखंडात अडकला की लिमिट कायम तळाला. पहिली मोठी ऑर्डर आली की कच्च्या मालाचे बार घ्यायला पैसे नाहीत. इथे मरतो कारखाना, तारणापाशी नाही.

खतावणी:
हा बँकेचा दोष कसा? मशीनच्या कोटेशनबरोबरच होल्डर, फिक्स्चर, कॉम्प्रेसरची कोटेशन्स जोडा आणि सगळं एकाच प्रकल्प खर्चात दाखवा, त्यावरही मुदत कर्ज मिळतं. हप्ता सुरू व्हायला सहा महिन्यांची सवलत मागा. मागतच नाहीत लोक. सप्लायरचा सेल्समन जे कोटेशन देईल तेच बँकेत!

शिरोलीकर:
सीसीच्या मापातच खोट आहे. लघुउद्योगांच्या कर्जावरच्या १९९२ च्या नायक समितीचं सूत्र अजून चालतं: अंदाजी उलाढालीच्या २० टक्के बँकेचे, ५ टक्के आपले. म्हणजे मालात गुंतलेला पैसा परत यायचं तीन महिन्यांचं चक्र गृहीत. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) भंगार आणि पिग आयर्नचे (कच्च्या लोखंडाचे) पैसे आठवड्यात, विजेचं बिल महिन्याला, गिऱ्हाईक देणार ९० दिवसांनी. १५ दिवस कच्चा माल, २० दिवस ओतकाम आणि फेटलिंग (ओतीव भाग साफ करणं), ९० दिवस येणी, असे १२५ दिवस. दोन कोटींच्या उलाढालीला साडेअडुसष्ट लाख लागतात, सूत्रातून निघतात ५०. विजेची थोडी उधारी वजा करा, तरी पंधराएक लाखांचं भोक राहतं. ते एनबीएफसीच्या (बँकेतर वित्त कंपनीच्या) महाग कर्जाने बुजवलं जातं आणि सगळा नफा तिकडे.

त्यात ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमधून (लिमिटातून त्या घडीला उचलता येणाऱ्या रकमेतून) वगळली जातात. चाळीस लाखांच्या येण्यांतली बारा लाखांची बिलं ९१ व्या दिवशी गेली की, २५ टक्के मार्जिन धरून, नऊ लाखांची उचल बंद. गिऱ्हाइकाने थकवलं आणि शिक्षा कुणाला?

खतावणी:
मग आयकर कायद्यात ४३बी(एच) कलम कशाला आणलं? कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याचा खर्च त्या वर्षी करात नामंजूर. लेखी करार नसेल तर १५च दिवस.

गाळा नं. १४:
हसू आलं. अहो, तो काटा ३१ मार्चलाच टोचतो. एप्रिलचं बिल डिसेंबरात दिलं तरी त्याच वर्षात खर्च मान्य. अकरा महिने लोळवा आणि मार्चअखेर चुकते करा. शिवाय मुदत स्वीकृतीपासून मोजतात. कायद्याने माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. १५ दिवसांत लेखी हरकत आली तरच तो पुढे सरकतो. पण स्टोअरवाला जीआरएनच (माल मिळाल्याची नोंद) तीन आठवड्यांनी काढतो आणि अकाउंट्स तिथून मोजतात. चलनाच्या प्रतीवर गेटचा शिक्का, तारीख आणि सही नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही.

शिरोलीकर:
आणि कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, निघतात मशीनिंगनंतर, दोन महिन्यांनी. मग डेबिट नोट (बिलातून कापून घेतल्याची चिठ्ठी) येते, त्यात मशीनिंगचा खर्चही आमच्याच माथी. पंधरा दिवस कधीच गेलेले असतात, पण कायदा दाखवला तर गिऱ्हाईक पॅटर्न (साच्याचा नमुना) उचलून दुसऱ्या फाउंड्रीत.

टीअर थ्री:
कुणी ट्रेड्सचं (बिलांवर बँकांकडून आधी पैसे मिळवायच्या ऑनलाइन मंचाचं) नाव काढलं नाही अजून? २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. बिल तिथे मंजूर झालं की बँका बोली लावतात, व्याज गिऱ्हाइकाच्या पतीवर ठरतं आणि त्याने बुडवलं तरी वसुली आपल्याकडून नाही.

गाळा नं. १४:
नोंदणी सक्तीची, बिल मंजूर करणं नाही. आणि आपलं नाव बघा हो! तिसऱ्या पायरीवरच्या जॉबवर्कवाल्याचा गिऱ्हाईक चाळीस कोटींचा. त्याला ट्रेड्सची सक्ती कुठली?

खतावणी:
सगळ्याला नन्नाच. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे थकलेल्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज आहे. बँक रेट साडेपाच धरा, साडेसोळा टक्के. थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेत अर्ज करा. निकाल फिरवायला कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, कंपनीला.

शिरोलीकर:
अर्ज शेवटच्या पीओनंतर (खरेदी ऑर्डरनंतर) करतात, साहेब. चालू गिऱ्हाइकावर कुणी करत नाही. हे तुमच्या खतावणीत बसत नाही.

खतावणी:
बरं बाबा, तुम्ही सगळे बिचारे! येणी लांबतात आणि सूत्र तोकडं पडतं, एवढं मान्य. पण मग लिमिट मागताना नुसतं २० टक्क्यांवर सही का करता? ते सूत्र किमान पातळीचं आहे. चक्र लांब असेल तर महिनावार येण्यांचा तक्ता जोडून जास्त मागता येतं. आणि त्या तक्त्याला जीएसटीची विक्री ताळेबंदाशी जुळावी लागते. आलो ना परत माझ्याच मुद्द्यावर?

गाळा नं. १४:
आलात. आता तो तक्ता वाचणारा मॅनेजर त्याच शाखेत दोन वर्षं टिकतो का, तेवढं बघून सांगा.